पितरपाठातलं तिकीट

गोवर्धन माळ्याच्या मनोजला गावात ‘पाहुणा’ म्हणत. तोंडावर नाही, पण फार पाठीमागेही नाही. पातूरपासून हाकेच्या अंतरावरच्या त्या गावात त्याचं घर होतं, मळा होता, आई, बायको, पोरगी सगळं होतं. नसायचा तो फक्त मनोज. दहावीनंतर बापाने त्याला अचलपूरला मामाच्या रोपवाटिकेत संत्र्याचे डोळे भरायला धाडलं. तिथून अमरावतीची नर्सरी, तिथून पुण्याकडे तळेगावची गुलाबाची पॉलिहाऊसं, आणि चाळिशी उलटल्यावर थेट केनिया. खुंटावर काप घ्यायचा, डोळा बसवायचा, पट्टी बांधायची, आणि तो फुटायच्या आत पुढच्या झाडाकडे सरकायचं, हे त्याचं बडिंगचं काम. फुटलेलं पाहायला तो कुठेच राहिला नाही. लग्नानंतर घरी राहिला आठवडाभर. पोरगी झाली तेव्हा तिला पाहून दुसऱ्या दिवशी गाडीत बसला. बाप गेला तेव्हा मात्र अग्नी द्यायला वेळेवर पोचला, हे गाव अजून कौतुकाने सांगतं. आता यात कौतुक कशाचं, पण पाहुण्याकडून माणसाची अपेक्षाच तेवढी.

तर हा पाहुणा केनियाहून परत आला तो एकच गोष्ट ठरवून, की आता पाय मोडले तरी बेहत्तर, पण घर सोडायचं नाही. तिकडची माणसं वाईट नव्हती. तळ्याकाठी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या शेडच्या रांगा, आत गुलाब, बाहेर लाल माती, पगार हातात भरेल असा. पण संध्याकाळी खोलीवर आला की तो दाराची कडी लावायचा आणि बुटाची नाडी न सोडता तसाच खाटेवर बसून राहायचा. शरीर थकलं तर झोप लागते. त्याला झोपही लागत नसे. आपण कुणाचे कोण, हेच त्याला कधीकधी आठवेना.

म्हणून आल्या आल्या त्याने मळ्यात दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस काढलं. स्वतःचे गुलाब, स्वतःच्या हाताने, आणि अकोल्याचा फूलबाजार तासाभरावर. जमवलेलं सगळं लोखंडात गेलं. अमरावतीहून पाइप आले, कमानी उभ्या राहिल्या. वरचं प्लॅस्टिक तेवढं राहिलं, आणि त्यापुरते पैसे बँकेत राखून ठेवले होते. शेड पुरी झाल्याशिवाय अनुदानाचा रुपया मिळणार नव्हता. प्लॅस्टिक चढलं तर मनोज घरचा. नाही चढलं तर पुन्हा परमुलूख. इतका साधा हिशेब होता.

आणि अशात आयकर खात्याची नोटीस आली.

फोनवर आलेली नोटीस हर्षाने वाचली. हर्षा म्हणजे त्याची बायको, बारावी झालेली, आणि तो बाहेर असताना मळा, सासू, पोरीचं अमरावतीचं कॉलेज एवढं सगळं ओढणारी. केनियातल्या पगारावर इथे कर भरा, असं त्यात लिहिलं होतं. मागितलेली रक्कम जवळजवळ प्लॅस्टिकएवढीच होती.

“पण तिकडं कापला ना कर?” हर्षा म्हणाली. “दर महिन्याले रडत होते तुमी फोनवर, पगारातून एवढा कापते अन् तेवढा कापते.”

“कापला. अन् इथलंही सरकार मागून राहिलं.”

“काहून?”

“गेलो त्या वर्षी मी इथं राहत होतो म्हणते.”

हर्षाने फोन खाली ठेवला. “सरकारले दिसले वाट्टे तुमी घरी,” ती म्हणाली. “मले तं नाही दिसले बापा कुठं.”

ती हसून म्हणाली, पण ते त्याला लागलं. तो मोटर चालू करायच्या निमित्ताने मळ्यात गेला.

अकोल्याला देवराव म्हणून एक जुने टॅक्सचे वकील होते. विवरणपत्र त्यांनीच भरलं होतं. काळ्या कोटाशी त्यांचा संबंध नव्हता, पण बाजारातले सगळे त्यांना वकीलच म्हणत. मनोज त्यांच्याकडे खेपा घालू लागला. पातूरहून एसटी, स्टँडवरून पायी, जिना, बाकडं. कधी देवराव नसत, कधी वीज नसे, कधी सरकारची साइट उघडत नसे. माणूस उन्हात राबून थकतो हे त्याला माहीत होतं. बाकड्यावर बसून त्याहून जास्त थकतो, हे त्याला त्या हिवाळ्यात कळलं.

पुढे मोतीबिंदू दाखवायला आईला अकोल्याला न्यायचं होतं, तेव्हा एकाच खेपेत दोन्ही कामं म्हणून तो पार्बताबाईला घेऊन देवरावांकडे गेला. तेवढी एक खेप त्याने टाळायला हवी होती.

पार्बताबाई सत्तरीची, अंगाने काडी, पण घरातलं पान तिच्याशिवाय हलत नसे. शनिवारी तेल आणायचं नाही, अमावास्येला रोप लावायचं नाही, बाहेर पडताना मागून हाक मारायची नाही. तिच्या या कायद्यांपुढे गोवर्धनही कधी बोलला नाही. खुर्चीवर पाय वर घेऊन ती बसली आणि लेक काय विचारतो ते ऐकू लागली.

“हे पाहा भाऊ,” देवराव समजावू लागले. “पातूरच्या बाजारात तुमी मालाची पावती फाडली. तोच माल अकोल्याले आणला. नाक्यावर पावती दाखवली तं दुसऱ्यांदा पैसे द्या लागत नाही. हे तसंच हाय. आपला अन् त्या देशाचा करार हाय. तिकडं भरलेला कर इथल्या करातून वजा होते. वजावट आपण दाखवली. पण सोबत तो सदुसष्ट नंबरचा फॉर्म लागते, अन् फॉर्मसोबत कर कापल्याचा तुमच्या मालकाचा दाखला. तो तुमी आणून देल्ला नाही, म्हणून फॉर्म राहिला, अन् वजावट उडाली.”

“तो देऊन नाही राहिला ना पण.”

“मंग पगाराच्या चिठ्ठ्या आणा, कापल्याच्या.”

“कंपनीच्या ॲपवर होत्या. नोकरी सोडली त्या दिवशी ॲप बंद झालं.”

“फॉर्मची मुदत मार्चअखेर हाय, ते गेली तं देवही काही करू शकत नाही,” देवराव म्हणाले, चष्मा पुसला आणि सहज, अगदी सहज, पुढचं बोलून गेले. “तसं पाहिलं तं हे लफडंच नव्हतं. एप्रिलपासून दिवस मोजतात. अर्ध्या वर्षाच्या वर इथं राहिले म्हणून तुमी इथले धरले. सप्टेंबर सरायच्या आत विमानात बसले असते, तं तिकडच्या पगाराचं इथं कोणी नावही नसतं घेतलं. दोन आठवड्यांसाठी अडकले तुमी. काहून थांबले होते एवढे?”

मनोजने आईकडे पाहिलं नाही. “तिकीट नाही भेटलं,” तो म्हणाला.

तिकीट भेटलं होतं. सप्टेंबरातलंच होतं. कंपनीने पाठवलेलं तिकीट त्याने कौतुकाने आईला दाखवलं, तशी पार्बताबाईने कपाळावर हात मारून घेतला होता. पितरपाठात घर सोडतात का? आणि तेही गोवर्धनच्या पहिल्या पितरपाठात! बापाचं पान टाकायला पोरगा नाही, तर कावळा तरी शिवेल का? बरं, पितरपाठ संपला की घट बसणार. घट बसल्यावर उठेपर्यंत घरचा कर्ता बाहेर झोपत नाही. आणि घट उठले की दसरा. माळ्याच्या घरात दसऱ्याला झेंडू तोडायला माणूस नसणं म्हणजे लग्नात नवरदेव नसणं. असं एकातून एक निघत गेलं. मनोजने तिकडे फोन करून मॅनेजरला सांगितलं, आई नाही म्हणते. मॅनेजर आधी तडकला, मग हसला, मग तिकीट पुढे ढकललं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, हाताला झेंडूचा वास असतानाच, मनोज निघाला होता. खरं सांगायचं तर तेव्हा त्याला आईचा राग आला नव्हता. कुणी तरी आपल्याला जाऊ देत नाही, याचंच त्याला सुख झालं होतं.

परतीच्या एसटीत पार्बताबाई खिडकीजवळ बसली. डोळ्यात औषध घातल्याने तिला काही दिसत नव्हतं, तरी पातूर येईपर्यंत बाहेरच पाहत होती. मधे मनोजने विचारलं, “माय, चहा घेतं?” ती नाही म्हणाली. पुढे ती या विषयावर काही बोललीच नाही. मनोजला वाटलं, बरं झालं, तिला काही कळलं नाही.

मार्चची तारीख जवळ आली. अमरावतीचा प्लॅस्टिकवाला रोज फोन करी, की भाव चढून राहिले, माल उचलता की दुसऱ्याले देऊ. बिनप्लॅस्टिकच्या कमानी मळ्यात मेल्या जनावराच्या बरगड्यांसारख्या उभ्या होत्या आणि तिकडे बघायला नको म्हणून मनोज पाठ करून जेवायला बसे. शेवटी त्याने मन घट्ट केलं आणि पुन्हा एकदा केनियाला फोन लावला.

तिथला मॅनेजर जयंतीभाई. तीन पिढ्या आफ्रिकेत गेलेला गुजराती, गोड बोलणारा. याच जयंतीभाईने कित्येक महिने ‘आज-कल में भेजता हूँ’ म्हणत दाखला दाबून ठेवला होता.

“मनोजभाई, कागज तो बना पड़ा है,” तो म्हणाला. “सच बोलूँ? आपके जाने के बाद बडिंग का सत्यानाश हो गया. आप एक सीज़न आ जाओ ना. आप हाँ बोलो, शाम तक कागज आपके मोबाइल पर.”

इतके महिने ज्याची वाट पाहिली तो कागद, आणि ज्याला भ्यालो तेच त्याचं मोल. दाखला नाही आला तर पैशासाठी जावं लागणार, आणि आला तर शब्दासाठी. तो ओट्यावर बसला.

“टिकट कब का रहेगा?” त्याने विचारलं.

“वही, सितंबर का आख़िरी हफ़्ता. फरवरी का, वैलेंटाइन का माल पकड़ना है ना.”

मनोजने उठून भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पानं उलटली. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. महालय प्रारंभ. पुन्हा पितरपाठ! आणि त्याच्या मनात जे आलं ते असं: हो म्हणून टाकू. कागद घेऊ. फॉर्म भरू. मग तिकीट येईल, आणि माय ते पाहून कपाळावर हात मारून घेईल. पितरपाठ, घट, दसरा. मी काय करू जयंतीभाई, आई सोडत नाही. एकदा चाललं होतं, पुन्हा चालेल. शब्द मी मोडणार नाही, आई मोडेल. तिच्या शब्दापुढे कोणाचं चाललंय?

“आता हूँ,” तो म्हणाला.

“और इस बार माताजी का कैलेंडर नहीं चलेगा, हाँ.”

“नहीं चलेगा,” मनोज म्हणाला, आणि किती तरी दिवसांनी हसला.

जयंतीभाई शब्दाला जागला. संध्याकाळी कागद आला. देवरावांनी फॉर्म भरला, मग पुन्हा तपासणीचा अर्ज टाकला, आणि उन्हाळा भर चढला असताना एके दिवशी हर्षाने फोनवर वाचून दाखवलं, की मागणी शून्य. वजावट मंजूर. मनोजने पेढे आणले नाहीत, देवाला नारळ फोडला नाही. जेवला आणि झोपला, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं पाठीवर येईपर्यंत उठला नाही. हर्षाने कोणाला त्याला उठवू दिलं नाही.

मग प्लॅस्टिक चढलं. पावसाआधी रोपं लागली. रोपांची गाडी आली तो दिवस अमावास्येचा होता. आता माय काही तरी बोलेल म्हणून मनोज वाट पाहत राहिला. गडी खोळंबले होते. पार्बताबाई बांधावर बसून होती. “लावा ना,” ती म्हणाली, “झाडाले काय समजते अमुश्या.” मनोजला जरा चमत्कारिक वाटलं, पण वाटलं, वय झालं. माणूस थकतो तसे कायदेही थकतात.

जून गेला, श्रावण गेला. तो घरी राहत होता. आधी त्याला ते जमेना. सकाळी उठून बॅग शोधल्यासारखा इकडेतिकडे पाही. मग जमू लागलं. दुपारी हर्षासोबत शेडमध्ये बसून शिदोरी सोडायची, फुटवे मोडायचे, तिच्या तोंडचं गाव ऐकायचं. पोरगी अमरावतीहून आली की तिच्याशी काय बोलावं हे सुचेना, पण ती हळूहळू स्वतःच बोलू लागली. गावातल्या एकाने त्याला सहज नावाने हाक मारली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की ‘पाहुणा’ हा शब्द बऱ्याच दिवसांत कानावर आला नाही. महालक्ष्म्या बसल्या त्या दिवसांत पहिल्या कळ्या टपोरल्या. स्वतः लावलेलं झाड फुलताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आणि तिकीट आलं.

तो घाबरला नाही. त्याला माहीतच होतं. संध्याकाळी पार्बताबाई ओसरीत गवार निवडत होती, तिच्यापुढे जाऊन तो बसला.

“माय, तिकडचं तिकीट आलं. शब्द देल्ला होता ना मी, कागदाच्या वक्ती.”

“कधीचं हाय?”

“पितरपाठातलं,” तो म्हणाला, आणि वाट पाहू लागला.

पार्बताबाईने हातातली शेंग मोडली, दोर काढला, टोपलीत टाकली. “जाजो मंग,” ती म्हणाली.

त्याला वाटलं आपल्या ऐकण्यात काही चुकलं. “अवं माय, पितरपाठ म्हणून राहिलो मी. बाबाची तिथ हाय त्याच्यात. अष्टमी.”

“ठावूक हाय मले. मले नाही ठावूक राहीन तं कोणाले राहीन?”

“मंग घट बसते. दसरा हाय. झेंडू कोण तोडीन?”

“हर्षा हाय, मी हावो. दोन बाया लावू.”

“तूच तं म्हणत होती, का पितरपाठात घर सोडू नये.”

“म्हणत होतो,” पार्बताबाई म्हणाली. टोपली तिने बाजूला सरकवली. “माह्या म्हणण्यापायी तुहे कष्टाचे पैसे अडकले. पुरा हिवाळा अकोल्याच्या चकरा मारल्या तू. तिकीट नाही भेटलं म्हणे! माह्यासाठी त्या वकिलापुढं खोटं बोलला तू लेका. डोळे गेले होते माहे, कान नव्हते गेले.”

“आले ना पण ते पैसे परत.”

“आले. आता पुन्हा नको. म्या हर्षाच्या हातून फोन लावला होता त्या वकिलाले. सप्टेंबर सरायच्या आत गेला तं काही कटकट नाही म्हणे. तारीख बराबर हाय तुही.”

मनोजच्या तोंडात एकच वाक्य होतं. माय, मले थांबव. पण ते बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं: की शब्द दिला तो तुझ्या जिवावर, तुझा नकार गृहीत धरून, की तू अडवशील म्हणूनच मी हो म्हणालो. आणि हिने तर त्याच्यासाठी आपला सगळ्यात मोठा कायदा मोडला होता. ते मोडणं तिला किती जड गेलं असेल हे तिच्या बोटांवरून दिसत होतं. मोकळ्या हाताने ती अजून शेंग मोडल्यासारखं करत होती. चाळीस वर्षं उंबऱ्यावर आडवी येणारी बाई बाजूला झाली होती, आणि आता दार मोकळं होतं.

“अन् बाबाचं पान?” त्याने शेवटचं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच लहान पोरासारखा वाटला.

“मी टाकीन.”

“बाई माणसानं टाकलेलं चालते का?”

“न चालाले काय झालं?” पार्बताबाई म्हणाली. “तुह्या बापाले मी सांगीन समजावून. आयकते तो माहं.”

मग गुडघ्यावर हात देऊन ती उठली आणि हर्षाला हाक मारून तिने माळ्यावरची बॅग खाली काढायला सांगितली.